वर्तुळाबाहेरचं कोरीट

१८ फेब्रुवारी २००६, शनिवार. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला आणि नवापूरचं नाव जगभर पोचलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या या तालुक्यात मेलेल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला होता. भारतातली ही त्याची पहिली नोंद.

मरतूक त्याआधीच सुरू झाली होती. कोंबड्या मान टाकत होत्या, खाद्य सोडत होत्या, सकाळी शेडमध्ये पाहावं तर ढीग पडलेला असे. राणीखेत असावी असा समज होता आणि तो अगदी निराधार नव्हता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊंमधल्या राणीखेतजवळ भारतात प्रथम नोंदला गेलेला हा रोगही असाच झपाट्यानं शेड रिकामी करतो. राणीखेत कोंबडीवाल्यांच्या ओळखीची होती, तिची लस होती. बर्ड फ्लू कुणाच्या ओळखीचा नव्हता.

अहवाल आला आणि सरकारी यंत्रणा धावली. पशुसंवर्धन खात्याची माणसं पांढरे संरक्षक पोशाख, चष्मे आणि मास्क घालून शेडमध्ये उतरली. त्यांना टॅमिफ्लूच्या गोळ्या देण्यात आल्या. जेसीबीनं खड्डे खणले गेले, कोंबड्यांच्या माना मुरगळून त्या पुरल्या गेल्या, वर चुना पडला. नकाशावर वर्तुळं काढली गेली. आतल्या वर्तुळातला प्रत्येक पक्षी मारायचा आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. पलीकडे गुजरातमधल्या उच्छलमध्येही तेच चाललं होतं, कारण नवापूरला राज्याची सीमा गावाला इतकी खेटून जाते की रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात घरोघरच्या परसातल्या कोंबड्यांत विषाणू सापडला आणि तिथंही वर्तुळं काढावी लागली. त्या दोन-तीन महिन्यांत सगळे मिळून सुमारे दहा लाख पक्षी मारले गेले. ताप आलेल्या माणसांना वेगळं ठेवून त्यांचे नमुने तपासले गेले. एकाही माणसाला लागण झाल्याचं निष्पन्न झालं नाही. ऑगस्टमध्ये भारतानं स्वतःला बर्ड फ्लूमुक्त घोषित केलं.

त्या मोहिमेत चुका झाल्या, उशीर झाला, भरपाईवरून नाराजी झाली. तरीही मला तिच्याबद्दल आदर वाटतो. आदिवासीबहुल, कायम मागास म्हणून गणल्या गेलेल्या जिल्ह्यात, अजिबात अनुभव नसलेल्या संकटाशी खात्याच्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी जीव धोक्यात घालून झुंज दिली आणि विषाणूला रोखलं.

नंदुरबार तालुक्यातलं कोरीट हे गाव त्या वर्तुळांच्या पुष्कळ बाहेर होतं. तिथल्या कोंबड्या मारण्याचं कारण नव्हतं. जिल्ह्याच्या नावाचा धाक बसून भाव पडले असतील तेवढेच. वर्तुळाबाहेर राहणं म्हणजे सुरक्षित असणं, असं त्या वर्षी सगळ्यांनीच मानलं. विषाणूपुरतं ते खरं होतं.

पण याच काळात कोंबड्यांच्या शेडमधून दुसरी एक गोष्ट बाहेर पडत होती आणि तिच्यासाठी नकाशावर वर्तुळ काढता येत नव्हतं. ती मेलेल्या कोंबडीतून येत नव्हती. चांगल्या वाढलेल्या, धष्टपुष्ट, तुरा लाल असलेल्या कोंबडीतून येत होती. त्यामुळे तिच्याकडे पाहायला कुणी पांढरा पोशाख घालून आलं नाही.

ही गोष्ट म्हणजे औषधांना न जुमानणारे जीवाणू. तिचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो आणि त्याला एक भारतीय धागा आहे. न्यूयॉर्क राज्यात पर्ल रिव्हर इथं लेडर्ले नावाची औषध कंपनी होती. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या देखरेखीखाली बेंजामिन डगर यांनी ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं प्रतिजैविक शोधलं. १९४८ च्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. त्याच वर्षी थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड हे दोघे पिल्लांच्या खाद्यात जीवनसत्त्वाचा स्वस्त पर्याय शोधत होते. त्यांनी ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरणारा चोथा पिल्लांना घातला. नाताळच्या दिवशी ज्यूक्स यांनी पिल्लांची वजनं केली, तर चोथा खाल्लेली पिल्लं इतरांपेक्षा भारी भरली. चोथ्यात राहून गेलेला औषधाचा अंश त्यामागे होता.

एप्रिल १९५० मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला आणि तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकला. युद्धानंतरच्या जगाला स्वस्त मांस हवं होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत खाद्यात प्रतिजैविकं मिसळायला परवानगी मिळाली, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. त्याच १९५१ साली स्टार आणि रेनल्ड्स या दोन संशोधकांनी स्ट्रेप्टोमायसिन खाल्लेल्या टर्की पक्ष्यांच्या आतड्यात त्या औषधाला न जुमानणारे जीवाणू सापडल्याचं लिहून ठेवलं. म्हणजे इशारा परवानगीच्याच वर्षी मिळाला होता. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी तर १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या भाषणातच बजावलं होतं की अपुऱ्या मात्रेत दिलेलं पेनिसिलिन जीवाणूंना तरून जायला शिकवेल. खाद्यातून रोज थोडं थोडं जाणारं औषध ही नेमकी अपुरी मात्रा होती.

आतड्यात कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांतल्या काहींमध्ये औषधाला पुरून उरणारा जनुक आधीपासून असतो किंवा अपघातानं तयार होतो. औषध बाकीच्यांना मारतं, जागा मोकळी होते आणि तगलेले वाढतात. एवढंच असतं तरी धोका मर्यादित राहिला असता. पण जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ च्या सुमारास दाखवून दिलं की हे जनुक एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडे जाऊ शकतात. प्लाझ्मिड नावाची जनुकांची छोटी वेटोळी जीवाणू एकमेकांना देतात आणि एका वेटोळ्यावर चार-पाच औषधांचा प्रतिकार एकदम असू शकतो. मग कोंबडीला कधीही न दिलेल्या औषधालासुद्धा तिच्यातले जीवाणू दाद देत नाहीत.

हे शेडमधून घरात कसं येतं, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा स्टुअर्ट लेव्ही या अमेरिकन डॉक्टरांनी दिला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका शेतावर त्यांनी सुमारे ३०० पिल्लं ठेवली. निम्म्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन गटातलं औषध होतं, निम्म्यांच्या नव्हतं. औषध खाणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेत काही दिवसांतच प्रतिकारक ई. कोलाय भरले. पाच-सहा महिन्यांनी शेतावरच्या माणसांचे नमुने तपासले तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत बहुतेक सगळे ई. कोलाय टेट्रासायक्लिनला दाद न देणारे निघाले. शेजाऱ्यांच्या घरांत हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होतं. शेतावरच्या त्या माणसांनी ते औषध घेतलेलं नव्हतं. १९७६ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

ब्रिटनमध्ये स्वान समितीनं १९६९ मध्येच सांगितलं होतं की माणसाच्या उपचाराची औषधं जनावरांच्या वाढीसाठी वापरू नका. स्वीडननं १९८६ मध्ये वाढीसाठीची सगळी प्रतिजैविकं बंद केली. अमेरिकेनं कोंबड्यांच्या पाण्यातून दिलं जाणारं एन्रोफ्लॉक्सासिन सप्टेंबर २००५ मध्ये मागे घेतलं, कारण कोंबडीतून माणसाला जुलाब लावणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जीवाणूवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालेनासं झालं होतं. एन्रोफ्लॉक्सासिन शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनच होतो, तेच 'सिप्रो' जे आपल्याकडच्या प्रत्येक मेडिकल दुकानात मिळतं. कंपनीनं पाच वर्षं झगडून पाहिलं, पण निर्णय कायम राहिला. आणि १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघानं वाढीसाठी खाद्यात मिसळली जाणारी उरलीसुरली प्रतिजैविकंही बंद केली.

या तारखांकडे पुन्हा पाहा. युरोपातली बंदी लागू होते आणि सात आठवड्यांनी नवापूरचा अहवाल येतो. जगात कोंबडी आणि औषध यांच्या नात्याचा सगळ्यात मोठा निर्णय झाला त्याच हिवाळ्यात आपल्याकडे कोंबडीची सगळ्यात मोठी बातमी झाली. पण आपण फक्त विषाणूबद्दल बोललो. ते समजण्यासारखं होतं, कारण डोळ्यांसमोर खड्डे भरत होते.

आपल्याकडे कोंबडीचा धंदा तोवर पार बदलून गेला होता. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली. परसातली गावरान कोंबडी बाजूला पडून हजारांची शेड आली. पुढे ब्रॉयलरमध्ये करार पद्धत रुळली. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. सहा आठवड्यांत दोन किलोची कोंबडी तयार व्हायला हवी. बॅच बसली तर सगळं गेलं, म्हणून मरतुकीची भीती सतत मानेवर. या भीतीतूनच पिल्लू शेडमध्ये उतरल्याबरोबर पहिले काही दिवस पाण्यातून प्रतिजैविक देण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली. सीटीसी, डॉक्सी, एन्रो, टायलोसिन ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी लासोटा आणि गंबोरोच्या लसींइतकीच सहज येतात. पण लासोटा ही राणीखेतची लस आहे, ती रोग येण्याआधी पक्ष्याचं शरीर तयार करते. डॉक्सी जीवाणूला मारतं आणि विषाणूला काहीच करत नाही. राणीखेत असो की बर्ड फ्लू, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. तरी मरतूक दिसली की पहिला हात त्याच पाकिटाकडे जातो. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. तालुक्याला पशुवैद्य पुरेसे नसतील आणि औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत असेल, तर कर्ज काढून शेड बांधलेला माणूस दुसरं काय करील?

नियम नव्हते असं नाही. २००७ मध्ये, नवापूरनंतरच्या वर्षी, भारतीय मानक ब्यूरोनं कोंबडी खाद्याच्या मानकात प्रतिजैविकं टाळण्याची शिफारस केली. ती ऐच्छिक होती. २०१२ मध्ये औषधांच्या नियमात असं आलं की अन्न देणाऱ्या प्राण्याच्या औषधावर, औषध थांबवल्यापासून किती दिवसांनी त्याचं मांस, अंडी किंवा दूध वापरायचं ते छापावं, आणि तो काळ ठरलेला नसेल तर अंडी-दुधासाठी किमान ७ आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावा. ब्रॉयलर कोंबडीचं सगळं आयुष्यच ३५ ते ४२ दिवसांचं. विसाव्या दिवशी औषध दिलं तर २८ दिवस मोजेपर्यंत ती अठ्ठेचाळीस दिवसांची होते आणि तोवर खाद्याचा खर्च नफा खाऊन टाकतो. नियम योग्य आहे, पण शेडच्या हिशेबात तो बसत नाही आणि तो पाळला जातो का हे पाहायला शेडवर फारसं कुणी जात नाही.

२०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले. ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. तीन वर्षांनी पंजाबातल्या १८ फार्मांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या ब्रॉयलर फार्मांवर तपासलेल्या ई. कोलायपैकी ८७ टक्के जीवाणूंमध्ये पेनिसिलिनच्या कुळातली अनेक औषधं तोडून टाकणारं विकर होतं, अंड्यांच्या फार्मांवर ४२ टक्क्यांत. हे आकडे नंदुरबारचे नाहीत. पण खाद्य, पिल्लं आणि औषधांचा व्यापार सगळीकडे एकाच साखळीतून चालतो.

या इतिहासातलं सगळ्यात वेदनादायक प्रकरण कॉलिस्टिनचं आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मातीतल्या एका जीवाणूपासून ते मिळालं. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून १९७० च्या दशकात डॉक्टरांनी ते माणसांसाठी जवळपास सोडून दिलं. माणसाला नको म्हणून ते जनावरांकडे गेलं, स्वस्त होतं म्हणून खाद्यात मिसळलं गेलं. मग २००० नंतर इस्पितळांच्या अतिदक्षता विभागांत असे जीवाणू दिसू लागले की त्यांच्यावर कार्बापेनेमसारखी बलवान औषधंही चालेनात. डॉक्टर पुन्हा कॉलिस्टिनकडे वळले, कारण हाती दुसरं फारसं काही उरलं नव्हतं. जे औषध मरणाच्या दारातल्या रुग्णाला द्यायचं शेवटचं औषध होतं, तेच त्याच काळात पिल्लांच्या वजनवाढीसाठी पाकिटांतून विकलं जात होतं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की कॉलिस्टिनला निष्प्रभ करणारा एमसीआर-१ हा जनुक प्लाझ्मिडवर सापडला आहे. पहिल्यांदा तो एका डुकरातल्या ई. कोलायमध्ये मिळाला, मग मांसात, मग इस्पितळातल्या रुग्णांत. थोड्याच काळात तो इतर अनेक देशांतही सापडला. चीननं २०१७ मध्ये वाढीसाठी कॉलिस्टिन वापरणं थांबवलं. भारतात २०१८ च्या सुरुवातीला पत्रकारांनी या औषधाची आयात आणि खुली विक्री उघडकीला आणली. अखेर १९ जुलै २०१९ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ अ खाली अधिसूचना काढून अन्न देणारे प्राणी, कोंबड्या, मत्स्यपालन आणि पशुखाद्य यांसाठी कॉलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं. आपल्याकडे कोंबडीच्या औषधांबाबत इतका स्पष्ट आणि पूर्ण निर्णय आधी झाला नव्हता. लेव्हींच्या प्रयोगानंतर त्याला ४३ वर्षं लागली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माणसांत औषधं निकामी होण्याचं मोठं कारण आपण माणसंच आहोत. सर्दीला प्रतिजैविक घेणारे, दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या सोडणारे, चिठ्ठीशिवाय विकणारे. सगळा दोष कोंबडीवर ढकलणं अन्यायाचं होईल. २०१९ या एका वर्षात जगभर प्रतिकारक जीवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावल्याचा अंदाज आहे आणि त्यांतली किती शेडपासून सुरू झालेल्या साखळीमुळे गेली हे कुणी वेगळं काढू शकलेलं नाही. पण वाटा माहीत आहेत. कच्चं मांस कापणारे हात, शेडमध्ये राबणारी माणसं, शेडचं सांडपाणी, आणि ट्रॉलीनं शेतात जाणारं कोंबडखत. खतातून प्रतिकारक जीवाणू जमिनीत जातात आणि तिथल्या जीवाणूंनाही आपले जनुक देऊ शकतात.

म्हणूनच कोरीट इथं महत्त्वाचं आहे. २००६ मध्ये त्या गावाला अंतरानं वाचवलं. विषाणू वर्तुळं काढून अडवता आला, कारण तो कोंबडीला मारत होता आणि मेलेली कोंबडी लपत नाही. प्रतिकारक जीवाणू बाजाराच्या टेम्पोतून, खतातून, आठवडी बाजारातल्या कोंबड्यांतून जातो आणि वाटेत कुठंही कोंबडी मरत नाही. नवापूरच्या शेडला आणि कोरीटच्या अंगणातल्या दहा कोंबड्यांना तो एकाच साखळीत बांधतो. परसातली गावरान कोंबडी रोज औषध खात नाही, ती पुष्कळ निर्धोक आहे, पण तीही त्याच मातीत टोचते.

२०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला. पुन्हा भोपाळचा अहवाल, पुन्हा खड्डे, पुन्हा लाखो पक्षी. पंधरा वर्षांत तालुक्यानं दुसऱ्यांदा सर्वस्व पुरलं. या वेळी यंत्रणा अधिक तयार होती, काम लवकर झालं. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं अन्न देणाऱ्या प्राण्यांसाठी क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानच्या औषधांवरही बंदी आणली. म्हणजे कागदावर आपण पुढे सरकलो आहोत.

बंदी दुकानापर्यंत पोचायला मात्र माणसं लागतात आणि नंदुरबारच्या पशुसंवर्धन खात्याकडे ती आहेत. या माणसांनी दोनदा शेड-शेड, अंगण-अंगण पालथं घातलं आहे. कुणाच्या शेडमध्ये किती पक्षी, याद्या कशा करायच्या, पंचनामा कसा करायचा, हे महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांना त्यांच्याइतकं ठाऊक असेल. त्या अनुभवाचा उपयोग फक्त कोंबड्या पुरण्यासाठी का व्हावा? प्रत्येक शेडवर एक औषधवही असावी. कोणतं प्रतिजैविक, कुठल्या पशुवैद्याच्या चिठ्ठीनं, कोणत्या तारखेला सुरू, कोणत्या तारखेला बंद, कोंबडी बाजारात कधी गेली. करार करणाऱ्या कंपन्यांनी ती वही भरून घ्यावी आणि खात्यानं ती तपासावी. जिल्ह्यातल्या कोंबड्यांमधले ई. कोलाय आणि साल्मोनेला दरवर्षी तपासून कोणती औषधं चालेनाशी झाली ते जिल्हा रुग्णालयाला कळवावं. आणि वेळेवर लस, कोरडं तूस, एका बॅचनंतर शेड नीट मोकळी ठेवणं, दाराशी जंतुनाशकाचं तबक, परक्याला आत न सोडणं, ही बर्ड फ्लूपासून वाचवणारी शिस्त प्रतिजैविकांची गरजही कमी करते, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं, धमकावून नव्हे.

कोरीटच्या आणि कुठल्याही गावच्या वाचकाला माझं एवढंच सांगणं आहे. कोंबडी आजारी पडली तर दुकानात जाण्याआधी पशुवैद्याला विचारा, आणि तालुक्याला पशुवैद्य नसेल तर तो मागा. रस्ता आणि पाणी मागता तितक्याच हक्कानं मागा.